पहाटे चारपर्यंत ड्रम वाजवायचा नाही

शनिवार

ऱ्हाइन नदीच्या एका काठाला धाकटं बाझल, दुसऱ्या काठाला टेकडीवर चढत गेलेलं थोरलं. भाचीचं बिऱ्हाड धाकट्यात, तिसऱ्या मजल्यावर. ती आणि तिचा नवरा दोघंही इथल्या औषध कंपन्यांत. स्वित्झर्लंडच्या ह्या कोपऱ्यात मराठी माणसं येतात ती बहुतेक त्याच वाटेनं. कोकणातल्या वाचकांना मात्र गावाचं नाव निराळ्या ठिकाणी दिसलेलं असेल. जुन्या मंगलोरी कौलांवर 'बाझल मिशन' असा इंग्रजी छाप असायचा, ते बाझल हेच. इथल्या मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला होता.

आम्ही पोचलो तेव्हा भाचीचा दहा वर्षांचा मुलगा जागचा हललाच नाही. जेवायच्या टेबलावर एक रबर लावलेला ठोकळा, त्यावर दोन जाड काठ्या, आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या दिवशीचा भाव. "मामाआजोबा, एक मिनिट हं, शेवटची ओळ राहिलीय." त्या ठोकळ्याला इथे ब्योग्ली म्हणतात. गावातली मुलं काही वर्षं ह्याच्यावरच हात बसवतात, मग खरा ड्रम गळ्यात पडतो. ह्याच्या गळ्यात तो यंदा पहिल्यांदा पडणार आहे.

निमित्त फास्नाख्टचं, म्हणजे इथल्या कार्निव्हलचं. युरोपातले बहुतेक कार्निव्हल लेंटच्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या, उपवासाआधी उरकतात. उपवास सुरू होतो तो बुधवार उजाडला की रंग धुऊन लोक कामाला लागतात. बाझलचा कार्निव्हल त्यानंतरच्या सोमवारी सुरू होतो. १०९१ साली चर्चनं रविवार उपवासातून वगळले आणि उपवासाची सुरुवात काही दिवस अलीकडे ओढली. बाझलनं जुनी तारीख सोडली नाही. पुढे १५२९ मध्ये गाव प्रोटेस्टंट झालं, उपवासच गेला, तरी उपवासाआधीचा दंगा तेवढा राहिला. मला हे गाव तिथेच आवडलं.

दुपारी लोनहोफमधलं संगीत संग्रहालय पाहिलं. ही इमारत १९९५ पर्यंत तुरुंग होती, त्यामुळे वाद्यं कोठड्यांत ठेवलेली आहेत. मिरवणुका आणि लष्करी इशारे ह्या विषयाला त्यात स्वतंत्र जागा आहे. मी पुण्यात पंधरा-वीस वर्षं ताशा वाजवलाय, म्हणून माझा मुक्काम तिथेच जास्त पडला.

पंधराव्या शतकात स्विस पायदळानं घोडेस्वारांचं राज्य मोडलं ते सुमारे ५ मीटर लांबीच्या भाल्यांनी. हजारो माणसं चौकोन करून, भाले पुढे धरून चालत यायची. ह्या भाल्याची गंमत अशी, की एकटा माणूस तो घेऊन काहीच करू शकत नाही, आणि चार माणसं बेताल चालली तर एकमेकांतच अडकून पडतात. म्हणजे पाऊल एकत्र पडणं ही शोभा नव्हती, तीच खरी ताकद होती. पाऊल बांधायला ड्रम, आणि ड्रमच्या वर ऐकू जायला सहा भोकांची आखूड आडवी बासरी: फाइफ. पोकळी अरुंद, फुंक जोराची, त्यामुळे सूर वरच्या सप्तकात जाऊन कानाला टोचतो. दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात माणसाचा कान सगळ्यात तिखट असतो, आणि ही बासरी नेमकी तिथे बोलते. गर्दी, घोडे, बंदुका, कशाखालीही ती दबत नाही.

१४७६ मध्ये ग्रांसों आणि मुर्टेन, १४७७ मध्ये नांसी, अशा तीन लढायांत ह्या चौकोनांनी बर्गंडीचा ड्यूक धाडसी चार्ल्स ह्याला संपवलं. मग काय, युरोपातल्या प्रत्येक राजाला स्विस शिपाई हवा झाला. ते पैसे घेऊन लढायला गेले आणि बासरी-ड्रमची जोडी सगळीकडे घेऊन गेले. जर्मन लोक त्या बासरीला 'स्विस पाइप'च म्हणू लागले. १५११ मध्ये सेबास्टियान व्हिरडुंगनं वाद्यांवरचं एक पुस्तक छापलं, वाद्यांची चित्रं असलेलं. जर्मन भाषेतल्या अशा पुस्तकांत ते अगदी आधीचं, त्यात ही आडवी बासरी आहे, आणि ते छापलं गेलं ह्याच बाझलमध्ये. गावचा चित्रकार उर्स ग्राफ तर सोनारकाम करता करता स्वतः भाडोत्री शिपाई म्हणून जाऊन यायचा. त्यानं काढलेले शिपाई पाहिले की ह्या धंद्याबद्दल कुणाला गोड गैरसमज राहू नये.

नंतर ही जोडी युरोपातल्या फौजांची घड्याळं झाली. उठायचं, जेवणाला रांग लावायची, तंबूत परतायचं, सगळं ड्रमवर. वाजवणारी बहुतेक पोरं. आपल्याकडेही हे आलं, आणि एका कडवट रूपात. ईस्ट इंडिया कंपनीनं १७९५ मध्ये हुकूम काढला, की ज्याचे आई-वडील दोघेही युरोपियन नाहीत त्याला फौजेत घ्यायचं नाही. फक्त फाइफवाला, ड्रमवाला, बँडवाला आणि घोड्यांना नाल मारणारा एवढ्या जागा त्याला मोकळ्या. म्हणजे साहेबाच्या मुलाला साहेबाच्या फौजेत तलवार मिळणार नाही, बासरी मिळेल.

संध्याकाळी घरी परतलो तर ब्योग्ली चालूच. खालच्या मजल्यावरूनही तीच टकटक येत होती, आणि खिडकी उघडल्यावर समोरच्या इमारतीतूनही.

रविवार

आज संध्याकाळी जे पाहिलं त्यासाठी वेगळं तिकीट काढून यावं.

इथल्या मंडळांना क्लीक म्हणतात. प्रत्येक क्लीकचा एक मोठा कंदील असतो, तीन-साडेतीन मीटर उंच, लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडावर रंगवलेला. चित्रात वर्षभरातल्या कुठल्या तरी घटनेची टिंगल. ती घटना कोणती हे सोमवारी पहाटेपर्यंत गुपित. म्हणून रविवारी संध्याकाळी हे कंदील चित्रकाराच्या कार्यशाळेतून गावात आणायचे ते झाकून.

आणताना पुढे फक्त बासरीवाले. ड्रम नाही. सोमवारी पहाटे चारच्या आधी रस्त्यावर ड्रमला काठी लावायची नाही हा नियम, आणि वीसेक हजार माणसांचा उत्सव असूनही तो पाळला जातो. म्हणून साध्या कोट-टोप्यांतले आठ-दहा लोक पिकोलो वाजवत, मागे झाकलेला कंदील, आणि त्याच्या मागे घरची माणसं, मुलं, कुत्री. पिकोलो म्हणजे त्या जुन्या फाइफचीच आजची, चाव्या लावलेली धाकटी. दोन-तीन भागांत वाजवतात. खाली आधार देणारा ड्रम नसल्यामुळे सूर हवेत लटकल्यासारखे वाटतात, आणि चाल मात्र लष्करीच राहते. कानांना सारखं वाटत राहतं की काहीतरी यायचंय.

आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा ह्यातल्या एका घोळक्यात वाजवत होते. सत्तरी ओलांडलेले, क्लीकच्या ज्येष्ठांच्या तुकडीत. मुलांची तुकडी वेगळी, मुख्य वेगळी, ज्येष्ठांची वेगळी. वय वाढलं तरी मंडळ सुटत नाही. भाचीनं ओळख करून दिली, "हे माझे मामा, भारतात ड्रम वाजवतात." आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले. भाचीनं भाषांतर केलं: "ते म्हणतात, आज ड्रमवाल्यांना बोलायची परवानगी नाही."

घरी येऊन नऊला झोपलो. झोप कसली.

सोमवार

अडीचला उठलो. मुलगा त्याच्या मंडळींबरोबर आधीच गेलेला. वेटस्टाइन पुलावरून चालत थोरल्या बाझलकडे निघालो तर अख्खा पूल भरलेला. रात्रीच्या जादा गाड्यांनी स्वित्झर्लंडभरातून लोक येतात. थंडी शून्याच्या आसपास. भाचीनं गर्दीचा चौक टाळून रुमेलिन चौकाजवळच्या एका बोळाच्या तोंडाशी उभं केलं.

दुकानांचे दिवे आधीच घालवलेले. बोळात एक क्लीक उभी, मुखवटे घालून, प्रत्येकाच्या डोक्यावर छोटा पेटलेला कंदील. मुखवट्याला इथे लार्फे म्हणतात; तो पूर्ण डोकं झाकतो, माणूस ओळखूच येत नाही. हळू आवाजात बोलणं चाललेलं. मग मार्टिन चर्चची घंटा. चार ठोके. त्याच क्षणी गावाच्या मध्यभागातले रस्त्यावरचे सगळे दिवे गेले, आणि अंधारात एक आवाज: "मॉर्गेश्ट्राइख! फोर्व्हेर्ट्स, मार्श!" मॉर्गेश्ट्राइख म्हणजे ही पहाटेची सुरुवात, पुढचं म्हणजे 'चला पुढे'.

सगळ्या क्लीक पहिली एकच चाल वाजवतात, तिचंही नाव मॉर्गेश्ट्राइख. पण कुणी कुणाशी सूर जुळवून घेत नाही. आमच्यासमोरची क्लीक पहिल्या ओळीवर, डावीकडच्या बोळातली दुसऱ्यावर, चौकातली आणखी कुठेतरी. तीच चाल शंभर ठिकाणी, शंभर वेगवेगळ्या क्षणी. दगडी भिंतींवरून ती परत येते आणि ड्रम छातीत वाजतो. मी ढोल-ताशांच्या मधोमध उभा राहिलेला माणूस आहे, मोठ्या आवाजाचं मला अप्रूप नाही. पण पूर्ण अंधारात, वाजवणारा दिसत नसताना हे ऐकणं वेगळं. टाळ्या कुणी वाजवत नव्हतं. आरडाओरडा नाही. फ्लॅश मारणाऱ्या एकाला शेजारच्या बाईनं इतक्या थंडपणे पाहिलं, की त्यानं फोनच खिशात टाकला.

रचना ठरलेली असते. पुढे वाट करणारे, मग कंदील, मग बासरीवाले, मग टांबूरमायोर, म्हणजे हातात लांब दंड घेतलेला म्होरक्या, त्याचं डोकं सगळ्यांत प्रचंड, आणि शेवटी ड्रम. चाल सावकाश, कुठल्याही फौजेला चालणार नाही इतकी सावकाश. प्रत्येक पाऊल जरा झुलतं. कवायतीचा सांगाडा तोच, त्यातली घाई काढून टाकलेली.

पूर्वी हे मशालींच्या उजेडात चालायचं. १८४५ च्या सुमारास मशालींवर बंदी आली. लाकडी घरांच्या बोळांतून जळते पलिते नेणं सरकारला मानवेना. लोकांनी कंदील काढले. गावच्या संघांची, म्हणजे सोनार, विणकर, कसाई अशा व्यवसायांच्या जुन्या संघटनांची शस्त्रं तपासायचा दिवसही ह्याच मोसमात असायचा, आणि पहाटेच्या वाजवण्याचा संबंध अभ्यासक त्या हजेरीशी लावतात. १३५६ च्या भूकंपात गावाची कागदपत्रं गेली, त्यामुळे त्याआधीचं काही सापडत नाही. पहिली नोंद १३७६ ची, आणि ती दंगलीची: सरदारांनी गावात भाल्यांचे खेळ मांडले, लोक बिथरले, माणसं मेली. 'वाईट फास्नाख्ट' म्हणूनच ती ओळखली जाते.

सहा वाजता खानावळीत शिरलो. फास्नाख्टचं खाणं ठरलेलं: मैदा तांबूस होईस्तोवर भाजून केलेलं सूप, वर किसलेलं चीज, आणि कांद्याचा टार्ट. सूप बहुधा मांसाच्या रश्श्यात करतात, शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावं. शेजारच्या टेबलावर मुखवटे बाजूला ठेवून ड्रमवाले सूप ओरपत होते. मुखवट्याखालून बँकेत खपून जातील असे चेहरे निघाले.

दुपारी दीडला मोठी मिरवणूक, कोर्तेज. दोन वर्तुळाकार मार्ग, एकमेकांच्या उलट दिशेनं, त्यामुळे क्लीक एकमेकींना भेटत राहतात. प्रत्येकीचा एक विषय: सरकार, बँका, परदेशचे नेते, गावातल्या रस्त्यांची खोदकामं. विषयावर बाझलच्या बोलीत यमकं जुळवलेल्या लांब चिठ्ठ्या वाटतात. पंधरा वर्षं इथे राहून भाचीला त्या कळत नाहीत, तिच्या मुलाला कळतात. तो रांगेत असल्यामुळे आज दुभाषा नव्हता.

गाड्यांवर वाग्गिस: भलंमोठं नाक, पिंजारलेले केस, निळा सदरा, लाकडी खडावा. शेजारच्या आल्सासमधल्या शेतकऱ्याची ही जुनी टवाळी. तो वरून संत्री, गोळ्या, मिमोसाची फुलं देतो. पण ज्याच्या छातीवर फास्नाख्टचं पदक नाही त्याच्या डोक्यावर आधी कागदी कपट्यांचं पोतं रिकामं होतं. पदक तांब्याचं, चांदीचं, सोनेरी अशा दर्जांत मिळतं, विक्री १९११ पासून चालू आहे, आणि पैसा क्लीकना जातो. तांब्याचं घ्या, पुरतं.

मुलांच्या तुकडीत आमचा दिसला. म्हणजे भाचीला दिसला. मला पंचवीस एकसारखे मुखवटे दिसले. ती म्हणाली, "तो बघ, डावा पाय आत टाकून चालतो."

रात्री खानावळींतून श्निट्झलबँक असते: चित्रफलक दाखवत, विडंबनगीतं म्हणत गायक एका खानावळीतून दुसरीत जातात. सगळं बोलीत. लोक पोट धरून हसत होते, आम्ही सूप प्यायलो.

मंगळवार

सकाळी कॅथीड्रलच्या चौकात कंदिलांचं प्रदर्शन. सोमवारी संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंत सगळे इथे मांडून ठेवतात. दिवसाउजेडी चित्रांतली कारागिरी दिसते, रात्री आतून दिवा लागल्यावर रंग दिसतात. दोन्ही वेळा जावं. झाँ टिंगली हा यंत्रशिल्पकार ह्याच गावात वाढला आणि त्यानंही एका क्लीकसाठी मुखवटे-कपडे केले होते. त्याचं नाट्यगृहासमोरचं कारंजं १९७७ चं. हलती, पाणी उडवणारी लोखंडी यंत्रं.

मंगळवार मुलांचा आणि गुग्गेमुझीकचा. गुग्गे म्हणजे पितळी वाद्यांचे जथे, मुद्दाम बेसूर. तीन चौकांत रात्री उशिरापर्यंत चालतं. मला दहा मिनिटांत पुरे झालं. बेसूर वाजवायला फार चांगलं वाजवता यावं लागतं असं सगळे सांगतात; येत असेल, पण ऐकणाऱ्याचा त्यात काय फायदा ते कळलं नाही.

दुपारी वरच्या आजोबांकडे चहाला गेलो. भाची मध्ये बसली. त्यांचा मुलगा ड्रम वाजवतो, त्याचा ड्रम तिथे होता. बाझलचा ड्रम उंच, दोरीनं आवळलेला. दोरीवरच्या चामडी पट्ट्या खाली सरकवल्या की कातडं ताणलं जातं. खालच्या कातड्यावर तारा, त्यांचीच ती खरखर. तो पट्ट्यानं गळ्यात अडकवून डाव्या मांडीवर तिरपा लटकतो. तिरपा, म्हणूनच डावी काठी पालथ्या मुठीत धरता येत नाही. ती अंगठ्याच्या बेचक्यात, तळवा वर करून धरायची. जगभरचे कित्येक जॅझ ड्रमवाले अजून तशी काठी धरतात, त्यांचा ड्रम सरळ स्टँडवर असतो तरी.

मी ब्योग्लीवर ताशाचं एक आवर्तन वाजवून दाखवलं. आमच्या काड्या बारीक, वेताच्या, त्यांची उसळी काडीच करते, आपण फक्त तिला आवरायचं. इथली काठी जड. ती उसळत नाही, उसळवावी लागते. मनगट खालून वर, कोपर सैल, आणि प्रत्येक बोलाचा उगम दोन ठोक्यांच्या एका उघड्या, मोजून वाजवलेल्या रोलमध्ये, म्हणजे सलग ठोक्यांच्या लडीत. तीन ठोक्यांचा, पाचाचा, नवाचा रोल, असं शिकवतात. काही बोलांना नावं आहेत: एक 'पिठाच्या चक्कीचं चाक', एक 'बाताफ्लाफ्ला'. दुसरं नाव तोंडानं म्हटलं की वाजतंच. आपल्याकडचा प्रत्येक तबलजी हे ऐकून मान डोलावेल.

फ्रान्सच्या नोकरीत राहून आलेल्या ड्रमवाल्यांनी ह्यातली बरीच भर घातली. शिकवणं बहुतेक तोंडी. १९२८ मध्ये फ्रिट्झ बेर्गर ह्यांनी बाझलच्या वादनावर पुस्तक काढून ते नीट लिपीबद्ध केलं, आणि त्या लिपीवर बसून हे बोल अटलांटिक पार गेले. अमेरिकेतल्या ड्रमवाल्यांच्या चाळीस मूळ बोलांच्या यादीत एक 'स्विस आर्मी ट्रिपलेट' आहे: उजवा, उजवा, डावा, पहिल्या उजव्याच्या किंचित आधी डाव्याचा पुसट स्पर्श. मग हात न बदलता पुन्हा तेच. हात बदलावा लागत नाही, म्हणून वेग वाढवता येतो. आजोबांच्या मुलानं तो मला पाच मिनिटांत दाखवला आणि मग माझी वाट बघत बसला.

अमेरिकेशी देवाणघेवाण चालूच आहे. कनेक्टिकटमधल्या डीप रिव्हर ह्या छोट्या गावात दर जुलैच्या तिसऱ्या शनिवारी फाइफ-ड्रमचे जथे जमतात, आजोबा तरुणपणी तिथे जाऊन आले होते. तिकडची परंपरा त्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाशी बांधलेली. वादकांचे कोट सैनिकांच्या उलट्या रंगांचे असायचे, धुरातही अधिकाऱ्याला ड्रमवाला चटकन दिसावा म्हणून. अमेरिकी लष्कराचं फाइफ-ड्रम पथक अजून लाल कोट घालतं ते त्यामुळे. "ते सैनिकांचे वारस आहेत," आजोबा म्हणाले, "सरळ बघत चालतात. आम्ही सैनिकांची नक्कल करणाऱ्यांचे वारस." मग जरा थांबून, "पण नक्कल नीट यायला हवी."

इथल्या नगरसभेनं शतकानुशतकं मुखवटे आणि ड्रम ह्यांवर बंदीचे हुकूम काढले. पाळले किती गेले ते ह्या गर्दीवरून कळतं. २०२० साली मात्र शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला, करोनामुळे केंद्र सरकारनं मोठे कार्यक्रम बंद केले आणि सोमवारचा मॉर्गेश्ट्राइख झाला नाही. २०२१ मध्येही नाही. त्याबद्दल विचारलं तर आजोबांनी चहाचे कप उचलायला घेतले.

बुधवार

कोर्तेज पुन्हा, तेच मार्ग, तीच संत्री. पाय दुखत होते. दुपारभर घरी झोपलो.

रात्री दहानंतर आजोबांनी सांगितलं होतं तसे बाहेर पडलो: "मोठ्या रस्त्यांवर जाऊ नका. श्पालेनबेर्ग, हॉयबेर्ग, नाडेलबेर्ग, इम्बेरगॅस्लाइन. तिथे फिरा आणि जो आवाज आवडेल त्याच्या मागे चालू लागा." ह्याला गॅस्ले म्हणतात, बोळांतून हिंडणं. मार्ग नाही, वेळ नाही, परवाना नाही. कधी पूर्ण क्लीक, कधी चार माणसं.

आम्हाला तीन पिकोलो आणि एक ड्रम सापडला. मुखवटे घातलेले, त्यामुळे वय-लिंग काही कळेना. कित्येक जुन्या क्लीक बराच काळ फक्त पुरुषांच्या होत्या, पण मुखवट्याआड आता कोण आहे ते बाहेरच्याला कळायचं कारण नाही. नाडेलबेर्गच्या चढावर ते आमच्यापुढून गेले आणि आम्ही मागे लागलो. आणखी पाच-सहा लोक लागले. बोलायचं नाही, पुढे जायचं नाही, पाऊल मिळवायचं. पहिल्या दोन मिनिटांत माझं पाऊल आपोआप मिळालं. तेव्हा त्या भाल्यांच्या चौकोनातल्या माणसाला काय वाटत असेल ते थोडं कळलं, आणि ते फारसं आवडलं नाही. इतक्या सहज आपण कुणाच्याही मागे चालू शकतो.

समोरून दुसरा जथा आला. बोळ जेमतेम दोन मीटर. दोघांच्या चाली वेगळ्या, पट्टी वेगळी. थांबलं कुणीच नाही. बाजू देऊन, खांदे घासत, आपापली चाल न सोडता दोघे एकमेकांतून निघून गेले. मधल्या वीस सेकंदांत जो गोंधळ झाला त्यात आमचा ड्रमवाला एकदाही घसरला नाही. पथकात असताना शेजारचं पथक जवळ आलं की आम्ही जोर वाढवायचो, त्यांना बुडवायला. इथे कुणी जोर वाढवत नाही. आपलं आपण धरून ठेवायचं, बस्स.

कोपऱ्यावर चाल संपली. चौघं थांबले, एकानं मुखवटा वर करून पाणी प्यायलं. कुणी टाळी वाजवली नाही, त्यांनीही आमच्याकडे पाहिलं नाही. म्होरक्यानं एक नाव उच्चारलं, 'वेटस्टाइन', आणि पुन्हा सुरू. १६४८ च्या तहात स्विस संघाचा हक्क मांडून आलेल्या गावच्या मेयरच्या नावाची ती चाल. 'राइसलॉयफर' ह्या नावाचीही चाल आहे, म्हणजे परमुलखात लढायला जाणारा भाडोत्री. स्विस सरकारनं तो धंदा १८५९ मध्ये कायद्यानं बंद केला. व्हॅटिकनचे स्विस गार्ड तेवढे उरले, १५०६ पासूनचे, आणि त्यांच्याकडेही बासरी-ड्रम आहेतच.

हे कुणासाठी वाजवतात असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, "मामा, सोमवारी तुला दाखवायला. आत्ता त्यांचं त्यांना." तीन दिवसांतलं मला सगळ्यांत आवडलेलं संगीत हे, आणि ते ऐकायला मी तिथे असलो काय नसलो काय, त्यांना फरक नव्हता.

गुरुवार

पहाटे साडेतीनला आमचा मुलगा सापडला, बार्फ्युसर चौकाजवळ, मुखवटा काखेत, डोळे लाल. वीस-बावीस पोरं, कडेला आई-बाप थर्मास घेऊन. चार वाजता एण्डश्ट्राइख: वाजवणं थांबवायचं, पुढच्या वर्षीपर्यंत. चाराला पाच मिनिटं असताना त्यांनी एक चाल सुरू केली, ती संपली, आणखी तीन मिनिटं उरली. शिक्षकानं घड्याळ पाहिलं. पोरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा मॉर्गेश्ट्राइखची चाल. घंटा झाली तेव्हा ते शेवटच्या ओळीत होते. ती ओळ पुरी केली. नियमाच्या दोन-चार सेकंद पलीकडे, पण कुणी हरकत घेतली नाही. दोन पोरं रडली, आमचा नाही. त्याला भूक लागली होती.

सव्वाचारला झाडूच्या गाड्या आल्या. रस्त्यावर कपट्यांचा घोट्यापर्यंत थर. फास्नाख्टचा कचरा म्हणजे काय ते त्या गाड्यांच्या रांगेवरूनच समजा. ह्या कपट्यांना रेप्ली म्हणतात आणि ते नेहमी एका पोत्यात एकाच रंगाचे असतात. मिसळलेल्या रंगांचे दिसले तर ते जमिनीवरून उचललेले, आणि ते कुणाच्या अंगावर टाकणं हा गावात मोठा असभ्यपणा.

परतताना आजोबा पुलावर भेटले, पिकोलो कोटाच्या आतल्या खिशात. हे संपलं नाही म्हणाले. पुढच्या तीन रविवारी क्लीक साध्या कपड्यांत, मुखवट्याशिवाय बाहेर पडतात, गावाबाहेर जेवतात आणि संध्याकाळी वाजवत परत येतात. ते बघायचं राहिलं तर निम्मं राहिलं. माझं परतीचं तिकीट शनिवारचं आहे. भाची नाश्ता करता करता विमान कंपनीच्या साइटवर तारीख बदलायला किती पैसे पडतात ते बघतेय, आणि मुलानं ब्योग्ली टेबलावरून हलवलेली नाही.